उभं असलेलं काय बघायचं?

स्ट्रॅटा फ्लोरिडाला जाऊन आलो, असं फोनवर सांगितल्याबरोबर साताऱ्याच्या थोरल्या बंधूंनी विचारलं, "अमेरिकेचा व्हिसा कधी काढलास?" आणि माझं उत्तर यायच्या आत, "मगरी दिसल्या का रे?"

मगरी नाहीत, मेंढ्या. अमेरिका नाही, वेल्स, हे त्यांना पटवेपर्यंत माझा चहा गार झाला. त्या जागेचं वेल्श नाव इस्त्राद फ्लीर. इस्त्राद म्हणजे नदीकाठचं रुंद खोरं आणि फ्लीर हा तिथला एक ओढा. लॅटिन लिहिणाऱ्या साधूंनी त्याचं करून टाकलं स्ट्रॅटा फ्लोरिडा. ओढ्यातून फुलं काढली आणि आमच्या बंधूंसाठी मगरी सोडल्या. ही माहिती मला ज्यांनी दिली त्या गृहस्थांबद्दल मला लिहायचं आहे, मठाबद्दल नाही. पण पंढरी वगळून वारकऱ्याबद्दल लिहिता येत नाही, तेव्हा मठ येणारच.

सहा महिन्यांच्या व्हिसावर नातू सांभाळायला गेलेला आजोबा ही जमात आता जगभर पसरली आहे. सकाळी बाबागाडी ढकलत निघायचं आणि जिथे ऊब आहे, स्वच्छतागृह आहे आणि तिकीट नाही अशी जागा गाठायची. आमची लेक आबेरिस्टविथला डॉक्टर आहे. त्या गावात अशी जागा म्हणजे टेकडीवरचं वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय. तिथे काचेच्या पेटीत एक लाकडी वाडगा ठेवलाय. ठेवलाय म्हणजे अर्धाच उरलाय. आमच्याकडे असता तर केव्हाच बंबात गेला असता. नान्तेओस नावाच्या वाड्यात तो पिढ्यान् पिढ्या होता. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनातलं पात्र ते हेच, अशी त्याची ख्याती. यातून पाणी प्यायलं की दुखणं जातं म्हणून लोक घड्याळबिड्याळ तारण ठेवून तो घरी न्यायचे, आणि काही जण नुसत्या पाण्यावर न भागवता काठही कुरतडायचे. २०१४ साली तो चोरीला गेला, २०१५मध्ये सापडला आणि २०१६पासून इथे काचेत आहे. मी पाटी वाचत होतो. नातू काचेला नाक लावून होता.

"ऑलिव्हचं लाकूड नाही ते," माझ्या कानाशी आवाज आला. "एल्मचं आहे. ख्रिस्ताच्या देशातलं नव्हेच."

वळून पाहिलं. सत्तरीचे गृहस्थ, पावसाळी कोट, पायात चिखलाचे बूट, खिशातून घडीची पट्टी डोकावतेय. मी म्हटलं, "मग तुम्ही ते बघायला का आलात?"

"इस्त्राद फ्लीरच्या मठातून आलं म्हणतात. सिद्ध काही नाही." मग थोडं थांबून, एखाद्या आवडत्या भाच्याबद्दल बोलावं तसं, "पण म्हणतात."

इथेच मी ओळखायला हवं होतं. ही जात आपल्याकडेही आहे. गावात एक दगडी देऊळ असतं, ते हेमाडपंती आहे असं एक जण सांगत असतो, आणि ओढ्यावर ज्या दगडावर बायका धुणं आपटतात तो वीरगळ आहे असंही तोच सांगत असतो. बायका धुणं आपटतच राहतात. पण आपला माणूस निदान ओढ्यावर भेटतो. हा मला ग्रंथालयात भेटला आणि त्याच्याकडे गाडी होती.

आबेरिस्टविथपासून आग्नेयेला पंधराएक मैलांवर त्यांचं गाव, पॉन्त्रीदवेन्दिगाइद. 'धन्य उताराचा पूल' असा अर्थ. नाव पूर्ण घेईपर्यंत गाव मागे पडतं म्हणून गावकरी नुसतं 'बॉन्त' म्हणतात. वेल्समध्ये आडनावं मोजकीच: जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स. मग ओळख धंद्यावरून, दूधवाला जोन्स, पाववाला इव्हान्स. आमच्या गृहस्थांनी आयुष्यभर टपाल वाटलं. पण निवृत्तीनंतर गाव त्यांना टपालावरून सोडून दगडांवरून ओळखायला लागलं. आमच्या घरात त्यांचं नाव पडलं दगडूकाका. ते त्यांना कळलंच. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी वही काढली.

"हे खरंच माणसाचं नाव असतं?"

"असतं. दगडू, धोंडू. मुलं जगत नसली की जगलेल्याचं असं नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून."

"म्हणजे दगड टिकतो म्हणून!" त्यांचे डोळे भरून आले. "दिऊ, दिऊ!"

दिऊ म्हणजे देव. शब्द आपल्या देवाच्या कुळातलाच आहे. मला तर तो 'देवा, देवा' असाच ऐकू यायचा, आणि पुढच्या चार महिन्यांत मी तो हजारदा ऐकला.

मठ पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा आमची ही बरोबर होती. मठाच्या आवारात शिरलो आणि समोर पश्चिम दरवाजा आला. भिंत जवळजवळ सगळी गेली आहे, पण ती कमान एकटीच आभाळासमोर उभी आहे. एकात एक दगडी गोल पट्ट्या, जागोजागी आडव्या बंधांनी बांधल्यासारख्या, आणि प्रत्येक बंधाचं टोक नेचाच्या कोवळ्या कोंबासारखं वळलेलं. हिने मोबाइल काढला, मला कमानीखाली उभं केलं, हसायला लावलं. दगडूकाका कुठे? ते कमानीतून सरळ, मान खाली घालून, आपण स्टेशनाच्या फाटकातून जातो तसे निघून गेले होते.

"अहो, बघा तरी!" ही ओरडली.

"उभं असलेलं काय बघायचं?" ते लांबून म्हणाले. "ते उद्याही उभंच असणार."

मग त्यांनी आम्हाला कुंपणापाशी नेऊन गवतातला एक उंचवटा दाखवला. वीतभर असेल. एखादी म्हैस लोळून गेली तरी याहून ठळक खूण राहते. त्या उंचवट्यापुढे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. ही भिंत. इथून पाण्याचा पाट. इथे वळतो. तिकडे दरवाज्याची देवडी. मी 'हो हो' म्हणत होतो आणि मला गवत दिसत होतं. बरं, खोटं म्हणावं तर तसंही नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून लॅम्पीटरच्या विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड ऑस्टिन इथे उत्खनन करत आले, आणि आज दिसतात ते अवशेष मूळ मठाच्या पसाऱ्याचा एक कोपरा आहेत हे त्यातून पुढे आलं. देवडीही निघाली. दगडूकाका त्या उत्खननात दर उन्हाळ्यात स्वयंसेवक. काम, खापरं दात घासायच्या ब्रशने धुणं. स्वतःचे दात ते एवढे मन लावून घासत नसत, असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

इतिहास ते आळीतली भांडणं सांगावीत तसा सांगत. ११६४ साली रॉबर्ट फिट्झ-स्टीफन नावाच्या नॉर्मन सरदाराने मठ काढला, पण पुढच्याच वर्षी वेल्श राजा ऱ्हीस अप ग्रिफिद याने मुलूख जिंकला आणि मठही पदरात घेतला. "सुरुवात त्याची, पण खर्च आमचा." आधीची जागा ओढ्याकाठी दोनेक मैलांवर होती, मग साधू इकडे आले, आणि १२०१ साली नव्या चर्चमध्ये प्रवेश. १२३८मध्ये थोर ल्लेवेलिनने वेल्समधल्या सगळ्या राजांना इथे बोलावून आपल्या मुलाशी इमान राखायची शपथ घ्यायला लावली. १२८६ साली वीज पडून आग. इथपर्यंत सूर शांत. १४०१ आलं की आवाज चढायचा. ओवेन ग्लिन्डूरच्या बंडात इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या फौजेने साधूंना हाकललं आणि चर्चमध्ये घोडे बांधले. "चर्चमध्ये! घोडे!" शेजाऱ्याने कालच आपल्या फाटकासमोर गाडी लावली असावी, असा तो राग. १५३९ साली आठव्या हेन्रीने मठच बंद केला, छपराचं शिसं गेलं, दगड गेले, त्याबद्दल मात्र त्यांना फारसं वाईट वाटत नसे. मला आधी नवल वाटायचं. मग कळलं. मठ मोडला नसता तर हे काय करणार होते?

गंमत अशी की हे साधू सिस्टर्शियन पंथाचे, न रंगवलेल्या लोकरीचे पांढरे झगे घालणारे. मेंढ्या पाळायच्या, डोंगरात तळी राखायची, माळरानावरून पंचवीसेक मैल तुडवत आबेकुमहीरच्या मठाला जायचं, आणि बोलायचं कमीत कमी. कामापुरत्या बोटांच्या खुणा ठरलेल्या होत्या. एवढ्या मौनी लोकांच्या वाट्याला असा पुजारी यावा! मी एकदा खुणेनेच 'पुरे' म्हटलं, तर त्यांनी ती खूण तेराव्या शतकात होती का यावर बोलायला घेतलं.

मठाची जागा कायद्याने संरक्षित. 'कॅडू' नावाचं सरकारी खातं सांभाळतं, आणि कॅडू या वेल्श शब्दाचा अर्थच मुळी राखणं. परवानगीशिवाय तिथे खुरपंही टेकवायचं नाही. दगडूकाका कायद्याला देवासारखे मानत. पण त्या गवतात मोल नावाचा एक प्राणी राहतो, काळा, मखमली, जवळजवळ आंधळा, आपल्या घुशीसारखा जमीन उकरणारा. तो रात्रभर बोगदे काढतो आणि माती वर ढकलून ढीग करतो. "त्याला परवानगी लागत नाही," दगडूकाका हळूच म्हणाले. पाऊस पडून गेला की ते एकेका ढिगापाशी उकिडवे बसत. मातीत नखाएवढा फरशीचा तुकडा दिसला तर पट्टी लावून मोजत, वहीत चित्र काढत, ढिगाला क्रमांक देत, आणि तुकडा होता तसा ठेवून उठत. हात लावायचा नाही. वहीत तीनशे बारा ढिगांची नोंद मी डोळ्यांनी पाहिली. एका मोलच्या कामगिरीवर तर ते इतके खूश होते की विद्यापीठाने त्याला पदवी द्यायला हवी म्हणाले.

खुद्द चर्चमध्ये छपराखाली राखलेल्या चौदाव्या शतकातल्या फरश्या आहेत. एका फरशीवर एक छानछोकी माणूस कोरलाय. तंग अंगरखा, हातात आरसा, स्वतःला न्याहाळतोय. सातशे वर्षं न्याहाळतोय. मी म्हटलं, हा बघा, आमच्या हिच्यासारखा. (हे छापून आल्यावर काय होईल ते होवो.) दगडूकाकांनी त्याच्याकडेही पाहिलं नाही. ते शेजारच्या, काहीच न उरलेल्या, तुळतुळीत झिजलेल्या फरशीवर ओणवे झाले होते. "इथे काय असेल?" त्यांच्या आवाजात जी ओल होती ती आरशातल्या माणसाच्या नशिबी कधी आली नाही.

एके दिवशी म्हणाले, "चला, तुम्हाला एक माझी जागा दाखवतो."

मठ मोडल्यावर दगड आसपासच्या शेतवाड्यांत गेले, हे साऱ्या युरोपात झालं. पण कुठला दगड कुठल्या गोठ्यात गेला हे सांगायला टपालवालाच हवा. प्रत्येक वाडीच्या दारापर्यंत जायचा सरकारी परवाना आणि कुत्र्यांशी ओळख. आम्ही गेलो त्या वाडीवर म्हाताऱ्या कुत्र्याने त्यांना पाहून शेपूट हलवली आणि मला पाहून ठेवणीतलं भुंकणं काढलं. मालक ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी पिळत होता. त्याने वेल्शमध्ये दोन शब्द टाकले. "काय म्हणाला?" "म्हणाला, परत आलास?"

गोठ्यात अंधार, शेणामुताचा आंबूस वास, तो मात्र थेट साताऱ्याचा. दगडूकाकांनी मला गव्हाणीमागे कोपऱ्यात उकिडवं बसवलं. माझे गुडघे कुरकुरले, त्यांचा डावा तर कडाडलाच. समोर भिंत. चुना फासलेली, जाळी धरलेली. त्यांनी पिशवीतून बायकोची इस्त्री करताना पाणी मारायची बाटली काढली आणि एका दगडावर फुस्स फुस्स दोनदा मारलं. मग विजेरी. "समोरून मारायची नाही. कडेने. भिंतीला चिकटवून." उजेड दगडावरून आडवा सरपटत गेला. आणि काही नसलेल्या जागी एक रेघ उठली. मग तिची सावली. रेघ गोल फिरली, आत वळली, नेचाच्या कोवळ्या कोंबासारखी. पश्चिम दरवाज्यावरची तीच! विजेरी बोटभर हलली की जायची, पुन्हा आणली की यायची. किती वेळ बसलो कोण जाणे. मागून गाईने शेपटीचा एक ओला फटकारा माझ्या गालावर दिला तेव्हा भानावर आलो.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" मी कुजबुजलो. गोठ्यात कुजबुजायचं कारण नव्हतं.

"मला. गाईला. आता तुम्हाला."

खरं सांगतो, त्या दिवसापासून मला गवतातही थोडंथोडं दिसायला लागलं. हा रोग लागट आहे.

दगडूकाकांना शत्रू एकच, पण जन्माचा. दाविध अप ग्विलिम हा चौदाव्या शतकातला वेल्श कवी, मध्ययुगातला त्यांचा सर्वांत मोठा. तो इथल्या यू वृक्षाखाली पुरलाय, तशी पाटी आहे. पण कारमार्थनशरमध्ये टॅली नावाचा दुसरा पडका मठ आहे, आणि तिथले लोक म्हणतात, तो आमच्याकडे आहे. त्यांनीही पाटी लावलीय. टॅलीच्या बाजूने लढणारा एक निवृत्त बँकवाला होता. दोघांचा पत्रव्यवहार चालू. आपली सगळी पत्रं दगडूकाका नोंदणीकृत टपालानेच पाठवत, कारण साध्या टपालाचा भरवसा काय, हे त्यांनाच ठाऊक. मी समेटाच्या हेतूने सांगितलं, आमच्या नामदेवांची समाधी पंढरपूरला मानतात आणि पंजाबात घुमानलाही मानतात. लोक दोन्हीकडे डोकं टेकवतात, भांडण नाही.

त्यांनी बराच विचार केला. "मग पत्र कुठे टाकायचं?"

त्या यू वृक्षांबद्दलही 'उभं असलेलं काय बघायचं?' हेच. आठव्या हेन्रीच्या काळात जॉन लेलंड नावाचा अभ्यासक येऊन गेला, त्याने दफनभूमीत ३९ मोठे यू लिहून ठेवलेत. आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आहेत त्यांच्याखाली दगडूकाका पावसात उभे राहत, पण प्रेम सगळं गेलेल्यांवर. चालता चालता अचानक वळसा घालत. मध्ये काही नसे. "इथे होता," म्हणत.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो, कारण ते त्यांनी थोडक्यात सांगितलं नव्हतं. 'मँचेस्टर अँड मिलफर्ड' नावाची कंपनी होती. तिची गाडी मँचेस्टरलाही पोचली नाही आणि मिलफर्डलाही नाही. तिने स्ट्रॅटा फ्लोरिडा नावाचं स्टेशन बांधलं, ते मठापासून मैलोन्‌मैल दूर, भलत्याच गावात. मठाचं पहिलं मोठं उत्खनन १८८७पासून स्टीफन विल्यम्स यांनी केलं, तेही रेल्वेच्याच कामातले. आता गाडी नाही, स्टेशन नाही. अर्थात दगडूकाकांना फलाटाची जागा पाठ आहे.

त्यांच्या पत्नी शांत बाई. घरी गेलं की 'पॅनेड?' विचारत, म्हणजे चहा. बागेतल्या वाफ्यांच्या कडेला लावायला त्यांनी एकदा चार दगड पैसे देऊन दुकानातून आणले होते. नवऱ्याने त्यांनाही क्रमांक दिले. "माझ्या अंगावर अजून नाही घातला," त्या म्हणाल्या, "पण मी अजून उभी आहे ना."

आता पायाबद्दल. मठाला लागून गावाचं सेंट मेरी चर्च आणि त्याची दफनभूमी आहे. तिथे एक दगड आहे. त्यावर लिहिलंय की पिंपं बनवणाऱ्या हेन्री ह्यूजचा डावा पाय आणि मांडीचा काही भाग कापून १८ जून १७५६ रोजी इथे पुरला. बस, एवढंच. उरलेले ह्यूज अमेरिकेत गेले आणि तिकडेच पुरले गेले, म्हणतात. येणारा प्रत्येक पर्यटक पहिल्यांदा विचारतो, पाय कुठे आहे? आणि हे 'म्हणतात' दगडूकाकांना अजिबात खपत नसे. "इथे राजांनी शपथा घेतल्या. इथे साधूंनी इतिहास लिहिला. आणि लोकांना हवा पाय!" विचारणाऱ्याला ते मुद्दाम उलट्या दिशेच्या उंचवट्याकडे पाठवत. तिथे तो बिचारा गवतात पाय शोधत फिरे.

मी परतायच्या आदल्या महिन्यात त्यांचा गुडघा पार गेला. मोलच्या ढिगांपाशी बसणं बंद. तपासण्या आधीच झाल्या होत्या, सांधा बदलायचंही ठरलं होतं, आणि खूप दिवस वाट पाहिल्यावर आता तारखेचं पत्र आलं. ते घेऊन ते आमच्याकडे आले आणि काही न बोलता लेकीपुढे ठेवलं. तिने वाचलं. मी वाचलं.

डावा गुडघा. १८ जून.

"तारीख बदलून घेतो," ते म्हणाले.

"रांग केवढी आहे माहितीय ना?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "घोडे बांधले तरी चालतील, पण ही तारीख सोडायची नाही."

थोडा वेळ गेला. मग त्यांनी घसा खाकरून लेकीला विचारलं, "डॉक्टर, त्यात कापलेला भाग... साधारण केवढा असतो?"

लेक लहान मुलांची डॉक्टर. पण तिने समजावलं. पाय जात नाही. हाडांच्या टोकांच्या पातळ चकत्या काढतात, वर धातू बसवतात. त्यांनी खिशातून पट्टी काढली. "किती पातळ?" तिने सेंटिमीटरभर दाखवलं. त्यांनी वहीत लिहिलं. "आणि त्या चकत्या कुठे जातात?"

"टाकून देतात, काका."

"नोंद न करता?"

निघायच्या आधी शेवटचं बॉन्तला गेलो. पाऊस भुरभुरत होता. कमानीपाशी दगडूकाका नव्हते, उंचवट्यापाशी नव्हते. दफनभूमीत सापडले. काठी बगलेत धरून ह्यूजच्या दगडासमोर उभे होते. दगडावर त्यांनी फुस्स फुस्स पाणी मारलं होतं, पाऊस पडत असताना. विजेरी कडेने धरली होती.

"अक्षरं बरी काढलीत हं," मला पाहून म्हणाले.

मग विजेरी माझ्या हातात दिली, घडीची पट्टी उलगडली, आणि एका पायावर कसेबसे ओणवे होऊन ती दगडाशेजारच्या मोकळ्या गवतावर आडवी धरली.